भुरीच्या डोळ्याजवळचा गोचीड

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. बोटभर लांबीचा, गंजलेला, काटे काढायचा चिमटा मी. दारव्ह्याच्या बाजारात एका लोहाराने मला ठोकून घडवले आणि तांड्यावरच्या हंसाबाईने विकत घेऊन कमरेला अडकवले. शेळ्यांमागे हिंडणाऱ्या अख्ख्या तांड्याचे बाभूळकाटे मी उपसले. तेव्हा माझा भाव काय विचारता! पुढे घरोघरी बूट आले आणि मी खुंटीवर गेलो. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू.

यंदा पोळा उलटला आणि हंसाबाईची कुत्री भुरी उंच गवतातून अंगभर गोचीड घेऊन आली. कान भरले, मान भरली. तिने खाणे सोडले. हंसाबाईचा नवरा खेमसिंग मायाळू, पण उतावळा. नखांनी चिरडून गोचीड संपेनात, तेव्हा त्याने भुरीला बांधले आणि बादलीत कपाशीवर फवारायचे औषध कालवले. असे करणारा आमच्याकडे तो एकटाच नव्हे.

"बोंडअळीले मारते, तं गोचिडाले काय सोडन?" तो म्हणाला.

हंसाबाई दारातच थबकली. "थांबा जी. मांगच्या साली शेजारच्या किसनसिंगनं त्याच्या कुत्र्याले हेच औषध पुसलं. त्यानं आंग चाटलं न मेला. ढोराच्या डॉक्टरनं सांगतलं ते इसरले?"

"मंग मरू देऊ हिले?"

"चिमट्यानं निंगतीन सारे."

"पाहू. नाई तं बादली हायेच."

हंसाबाईने माझी टोके दगडावर घासली, धुतली. खेमसिंगने भुरीचे तोंड धरले. एकेक गोचीड साबणाच्या पाण्यात पडू लागला. शेवटचा डोळ्याच्या कोपऱ्यात, हरभऱ्याएवढा फुगलेला. खेमसिंगने बिडी काढली.

"चटका देतो."

"डोळा जाईन तिचा. आन चटक्यानं तो रक्तात घाण ओकते."

पहिल्या वेळी माझे टोक निसटले. भुरी कण्हली. खेमसिंगचा हात बादलीच्या कडीवर गेला. मी मनातून पार घाबरलो, कारण आता चुकलो तर भुरी वाचत नव्हती. हंसाबाईने मला अगदी कातडीलगत टेकवले, श्वास धरला आणि न पिळता, न हिसकता सरळ वर ओढले. गोचीड तोंडासकट निघाला. बादलीतले औषध फवारणीच्या पंपात गेले.

खेमसिंग भुरीचे तोंड पुसायला वाकला, तशी हंसाबाई म्हणाली, "हलू नका. तुमच्या कानामांगं हाय एक."

तोही मीच काढला. पुढच्या आठवड्यात खेमसिंग तापाने फणफणला. दवाखान्यात हंसाबाईने आधी गोचीड चावल्याचेच सांगितले, म्हणून डॉक्टरांनी वेळीच योग्य गोळ्या दिल्या आणि तो उठला. भुरीलाही जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. आता ती भाकरीसाठी भुंकते.

मित्रांनो, गवतात जाताना पाय झाका. घरी आलात की कुत्र्याचे अंग चाचपा. पण मग कपडे झटकून स्वतःचेही कान, काखा, कंबर पाहा. त्या दिवशी खेमसिंग भुरीच्या अंगावरचा गोचीड न् गोचीड शोधत होता, आणि स्वतःच्या कानामागचा त्याला ठाऊकही नव्हता.