तुंब्याची भिंतीकडची बाजू

मी एक जुना तुंबा आहे, मित्रांनो. लोक तसं म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पण मी नेमका कोण आणि कसा, हे मला आजवर नीट कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर मला सांगा.

आधी मी कडू भोपळा होतो. आंधळगावच्या पलीकडे, तळ्याकाठच्या एका लहान गावात, बाबुलाल ढिवराच्या घरावर माझी वेल चढली होती. कवेलूंवर, म्हणजे छपराच्या कौलांवर, लोळत मी मोठा झालो. कडू असल्यामुळे मला कोणी खाल्लं नाही. बाबुलालच्या आईनं, गुणाबाईनं, मला वेलीवरच वाळू दिलं. मग देठाशी भोक पाडून बिया काढल्या आणि ते भोक लाखेनं बुजवलं. त्या दिवसापासून मला सगळे तुंबा म्हणू लागले. पोटात काहीच उरलं नाही आणि भाव मात्र वाढला. हे कसं, ते मला समजलं नाही.

बाबुलाल मला दोरीनं छातीशी बांधून खोल पाण्यात जाळं टाकायला जायचा. मी तरंगायचो आणि माझ्या जिवावर तो तरंगायचा. काठावर गुणाबाई नातीला मांडीवर घेऊन गुणगुणायची,

तुंबा बाई तुंबा, तळ्यात नाचे,
त्याच्या पोटी वारा, माझं घर वाचे.

ते ऐकून मला वाटायचं, मी वारा असेन. नाहीतर घर असेन.

त्या घरात गुणाबाईचा एक नेम होता. पाण्यावर जाणाऱ्या माणसापुढं तुंब्याची खोट काढायची नाही. डाग म्हणा, चीर म्हणा, तोंडातून शब्दच काढायचा नाही. बोललेलं पाणी ऐकतं, अशी तिची समजूत. बाबुलाल स्वतः मला हातानं चाचपायचा, टिचकी मारून कानाशी धरायचा आणि मुकाट्यानं बांधायचा.

पावसाळ्यात जाळी खुंटीला लागली की मीही खुंटीला. सन अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मात्र मी शाळेत गेलो. बाबुलालची मुलगी रेवता तिसरीत होती. केवळराम गुरुजी तुमसरहून नवीन आले होते. चित्रकलेसाठी घरून काहीतरी गोल आणा, असं त्यांनी सांगितलं. कोणी पाणी प्यायचा गडवा आणला, कोणी लिंबू आणलं. रेवतानं मला आणलं. गुरुजींना मीच आवडलो. जाळी सुटेपर्यंत ठेवा जी, असं बाबुलालनं कळवलं.

गुरुजींनी मला टेबलावर बसवलं आणि हलू नकोस म्हणाले. मी जन्मभर हलण्याचंच काम केलं होतं. इथं न हलणं हेच काम.

मग ते फळ्याकडे वळले. खाली मोठा गोल, वर लहान गोल, मधली रेघ पुसा, झाला तुंबा. मुलांनी फळा पाहून पाट्यांवर तसंच काढलं. "डोळ्याला दिसते तेच काढा," असं गुरुजी परत परत सांगायचे, आणि मुलं फळ्याकडेच बघायची. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मग मला तिथं कशाला बसवलं होतं?

एके दिवशी मधल्या सुट्टीत पोट्ट्यांनी मला उलटं करून तबला केला. ताल रंगला आणि मी टेबलावरून खाली गेलो. गुरुजी धावत आले. माझ्या पाठीवर एक रेघ उमटली होती. गुरुजींना ती ओरखड्यासारखी दिसली. चित्राला बरी दिसावी म्हणून माझी चांगली बाजू त्यांनी मुलांकडे केली, रेघ भिंतीकडे, आणि तिला विसरूनही गेले.

रेवतानं हे सगळं पाहिलं होतं. सगळे गेल्यावर तिनं माझ्या पाठीवरून बोट फिरवलं, टिचकी मारली, कान लावला. तिचा चेहरा उतरला. मला दुखत नव्हतं, म्हणून ती का घाबरली ते मला कळेना. आता कळतं. दसरा झाला की जाळी सुटणार होती. बाप तिचा मला छातीशी बांधून मधल्या डोहात जाणार होता. आणि ते तोंडानं सांगायची तिला मनाई होती.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या पाटीवर मोठा गोल, लहान गोल, आणि पोटावर एक आडवी रेघ दिसू लागली.

"हे काय व?" गुरुजींनी विचारलं. "इथं रेघ कुठं आहे?"

रेवता गप्प. मुलं हसली. एकानं तुंब्याला मिशी फुटली म्हणून चिडवलं. गुरुजींनी ओल्या अंगठ्यानं रेघ पुसली. पुढच्या तासाला रेघ पुन्हा आली. पुन्हा पुसली. चांगल्या पाट्या गुरुजी खिडकीत मांडायचे. तिची कधीच मांडली गेली नाही. मी समोर बसून गोंधळून जायचो. गुरुजी म्हणायचे रेघ नाही, पाटी म्हणायची आहे. दोघंही माझ्याबद्दलच बोलत होते.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या तासाला पाटीवर परत रेघ दिसली, तेव्हा गुरुजींचा संयम सुटला. समोर बसून न दिसणारं काढतेस, तर जा, टेबलामागं भिंतीशी बस, असं त्यांनी सुनावलं. रेवता पाटी घेऊन मागं गेली. आता माझी पाठ तिच्या अगदी नाकासमोर होती.

तेवढ्यात दारात बाबुलाल उभा राहिला. खांद्यावर दोरी.

"तुंबा नेतो जी गुरुजी. उद्या जाळं टाकतो."

गुरुजींनी मला उचलायला हात पुढं केला. रेवता उठली. तिनं मला धरलं नाही, रडलीही नाही. बापासमोर जाऊन नुसती पाटी धरली.

बाबुलाल हसला. "वा माय, मोठा तुंबा काढला. हे काय, दोरी बांधली का याले?"

"दोरी नाही, तिची खोड आहे," असं म्हणत गुरुजी पाटी पुसायला वाकले. पुसण्याआधी, मागून तिला काय दिसतं हे तरी पाहावं, असं त्यांना कसं सुचलं कोण जाणे. ते भिंतीशी गेले आणि तिच्या जागेवर उकिडवे बसले. मग माझ्या पाठीवर नख लावलं. नख आत गेलं.

"बाबुलाल, हा फुटलाय," ते म्हणाले.

वर्गात कोणाला काही कळलं नाही. रेवतानं मात्र दोन्ही हातांनी कान झाकले.

बाबुलालनं मला शाळेच्या बादलीत दाबून धरलं. माझ्या पाठीतून बुडबुडे निघाले. आत थंड पाणी शिरलं तेव्हा मला वेलीची आठवण आली, बरंही वाटलं. बाबुलालला बरं वाटलं नाही. त्यानं मला खाली ठेवलं आणि लेकीसमोर बसला.

"तुले माहीत होतं. मंग बोलली काहून नाही?"

"आजी म्हणते, बोलाचं नाही." मग हळूच, "काढाचं नाही, असं नाही म्हटलं."

बाबुलालनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, रिकामी दोरी खांद्यावर टाकली आणि नव्या तुंब्याच्या शोधात सिहोऱ्याकडे निघाला.

पाटी गुरुजींच्या हातातच होती. तास संपला की पाट्या पुसायच्या, हा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी त्यांनी ती पुसली नाही आणि खिडकीतही मांडली नाही. फळ्यावरचे गोल मात्र पुसले. टेबल ओढून वर्गाच्या मधोमध आणलं आणि मुलांना माझ्याभोवती गोल बसवलं. आता ज्याला जिथून जसा दिसेल तसा काढा म्हणाले.

तेव्हापासून मी इथंच आहे. पाण्याच्या कामाचा उरलो नाही, चित्राच्या कामाचा झालो. कितीतरी वर्गांनी मला काढलं. कोणाच्या पाटीवर मी लठ्ठ, कोणाच्या वाकडा, कोणाच्या फुटका. यातला मी कुठला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हल्ली कपाटावर धूळ खात असतो, तेव्हाही हाच विचार चालू असतो.

मित्रांनो, मी गोंधळलेला आहे, मी काय शिकवणार? एवढीच विनवणी आहे. एखाद्याच्या पाटीवर तुम्हाला न दिसणारी रेघ दिसली, तर अंगठा लगेच ओला करू नका. आधी उठा, आणि थोडा वेळ त्याच्या जागेवर बसून या.