मल्लप्पाची विडी

चांगलं इंग्रजी लिहिता येणं हे माझ्या आयुष्यातलं दुखणं होऊन बसलं. अठरा वर्षं शाळेत शिकवलं, मग गुरुसिद्धप्पांनी त्यांच्या शाईच्या कारखान्यात पत्रव्यवहाराला बोलावून घेतलं. पुढं सोलापुरातल्या सात-आठ रंग आणि शाईवाल्या कारखानदारांनी मंडळ काढलं, गुरुसिद्धप्पा अध्यक्ष झाले आणि मी आपसूक चिटणीस. सरकारला काही सांगायचं असलं की सगळे म्हणत, मास्तरांना लिहू द्या. मीही लिहीत असे. खोटं बोलताना माझी जीभ अडखळते, पण खोटं लिहिताना हात कधी अडखळला नाही, हे मला फार उशिरा कळलं.

१९७८च्या एप्रिलात मुंबईच्या कारखानदारांच्या मोठ्या संघटनेचं पत्र आलं. जहाजातून धोकादायक माल नेण्याचे नियम साऱ्या जगासाठी एकसारखे करायचं चाललं होतं. परदेशात त्याच्या बैठका सुरू होत्या, आणि भारतानं तिथं काय म्हणायचं ते ठरवण्याआधी दिल्लीचे एक अधिकारी ठिकठिकाणच्या कारखानदारांचं ऐकून घेणार होते. नियम होता तसा आला तर आमच्या कापडछपाईच्या शाईच्या प्रत्येक डब्यावर ज्वाळेचं लाल चित्र लागणार, जहाजावर त्याला वेगळी जागा लागणार, आणि आखातातले व्यापारी आमच्याकडं पाठ फिरवणार. आमची मागणी साधी होती. पाच लिटरपर्यंतच्या डब्यातली घट्ट शाई साधा माल समजावी. घट्ट शाई सांडली तरी पसरत नाही, म्हणून चटकन पेटतही नाही.

मागणीत तथ्यच नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही. चाळीस घरांचं पोट त्या डब्यांवर होतं. मी सहा पानांचं निवेदन टाइप केलं. त्यात चौथ्या पानावर एक वाक्य होतं, की गेल्या अठरा वर्षांत एकच अपघात झाला, आणि तोही मालामुळं नव्हे, तर एका हमालानं टेम्पोत विडी ओढल्यामुळं.

गुरुसिद्धप्पांनी त्या वाक्याखाली बोट ठेवलं. "मास्तर, सगळं निवेदन ह्याच्यावर उभं आहे बघा. पण साहेब नुसत्या कागदावर जायचे नाहीत. बसव्वाला उभं करा. तिच्याच तोंडून ऐकू द्या त्यांना."

तो हमाल म्हणजे मल्लप्पा, आणि बसव्वा त्याची बायको. नऊ वर्षांपूर्वी तो गेल्यावर गुरुसिद्धप्पा मालकांनीच तिला डबे भरायच्या शेडमध्ये कामाला ठेवलं होतं. त्या दिवशी पेटलेल्या टेम्पोत मल्लप्पाबरोबर करमाळ्याकडचा ज्ञानबा होता, तोही गेला. ज्ञानबाची बायको मुक्ताबाई आणि बसव्वा एकाच चाळीत भिंतीला भिंत लावून राहत. तुझ्या नवऱ्याच्या विडीनं माझा नवरा खाल्ला, असं म्हणून मुक्ताबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं. चाळ मुक्ताबाईच्या बाजूनं झाली. नळावर बसव्वाची घागर सगळ्यांच्या मागं लागायची.

आणि मल्लप्पा विडी ओढतच नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

उन्हाळ्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये डबे फुगतात. शाईतलं थिनर उन्हानं उडतं आणि त्याची वाफ झाकणाला आतून रेटा देते. फुगलेला डबा व्यापारी परत पाठवतो, म्हणून आमच्याकडं एक रीत पडली होती. झाकणाला खिळा-हातोडीनं बारीक भोक पाडायचं, वाफ सोडायची आणि भोकात ओला साबण दाबायचा. हमाल म्हणत, डब्याला श्वास दिला. त्या दुपारी टेम्पो भरून, ताडपत्री बांधून झाल्यावर डबे फुगलेले आहेत हे मालकांच्या ध्यानात आलं. पुन्हा उतरवायला वेळ नव्हता. त्यांनी दोघांना ताडपत्रीखाली घुसून श्वास द्यायला सांगितलं. आत वाफ कोंडत गेली आणि कुठल्या तरी घावाला ठिणगी उडाली. मी वीस पावलांवर होतो. आग विझल्यावर मल्लप्पाच्या हाताशी हातोडी पडलेली मी पाहिली. संध्याकाळी अपघाताचा अहवाल लिहायला बसलो तेव्हा मालक म्हणाले, "मास्तर, विडी लिहा. नाहीतर कारखान्याला टाळं लागेल." मी लिहिलं.

आता तेच बसव्वाच्या तोंडी घालायचं होतं. मी शेडमध्ये गेलो तेव्हा ती झाकणं बसवत होती. परवा साहेब येतील, विचारतील, मल्लप्पाला विडीची सवय होती एवढं सांगायचं, असं मी तिला सांगितलं. सांगताना मी तिच्याकडं न बघता झाकणांकडं बघत होतो.

"त्यांनी तंबाखूला हात लावला न्हाय कधी," ती म्हणाली. "मठात स्वामींसमोर शपथ घेतली हुती. तुमाला काय सांगायचं मास्तर, तुमी तितंच होता की."

"मागचं उकरून आता काय उपयोग, बसव्वा?"

तिनं दोन झाकणं बसवली. "बरं. मालक म्हनतील तसं बोलीन. पोट हाय मागं. पर मुक्ताबाईला तितं बोलवू नका. नऊ वर्सं मी तिला सांगत आले, त्यांनी वडली न्हाय, वडली न्हाय. तिनं मानलं न्हाय, ती गोष्ट येगळी. पर आता माज्याच तोंडनं ऐकलं, तर मी चाळीत ऱ्हाऊ कशी?"

मुक्ताबाईला बोलावणार नाही, असं मी कबूल केलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरीही मी ऑफिसात जाऊन निवेदनाच्या प्रती नीट जुळवून टाचल्या. माणूस असाही असतो.

साहेब वेळेवर आले. वयानं लहान, बोलणं मऊ, आणि मूळचे आपल्याच भागातले निघाले. मंडळाच्या खोलीत आठ कारखानदार बसले होते, भिंतीशी बसव्वा. साहेबांनी निवेदन आधीच वाचलेलं होतं. त्यांनी चौथं पान उघडलं आणि तिला जवळ बोलावलं.

"तुमचे पती टेम्पोत विडी ओढत होते?"

बसव्वानं पदर सावरला. "मालक म्हनतात तसंच."

"तुम्ही पाहिलं होतं का?"

"न्हाय. मी घरी हुते."

"मग पाहिलं कोणी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मालकांकडं नाही, माझ्याकडं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. नऊ वर्षं ज्या माणसाकडून काही मिळालं नाही त्याच्याकडं बघावं, तसं बघितलं आणि मान खाली घातली.

मी उठलो. "मी पाहिलं, साहेब," मी म्हणालो. "मल्लप्पाजवळ हातोडी होती. विडी मी लिहिली." मग खिळा, साबण, ताडपत्री, सगळं सांगितलं. "घट्ट शाई थंड मुलखात घट्ट असते. सोलापूरच्या मे महिन्यात ती घट्ट राहत नाही. सवलत मागायची तर हे सांगून मागायला हवी."

साहेब बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी चौथं पान सोडवून माझ्यापुढं ठेवलं आणि ते दुरुस्त करून द्यायला सांगितलं. मी तिथंच मशीनवर बसून नवं पान टाइप केलं. त्याच्यावर मंडळाची सही झाली नाही, माझ्या एकट्याची झाली. सवलतीचं काय होईल ते साहेबांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

साहेबांची गाडी गेल्यावर गुरुसिद्धप्पा माझ्याजवळ आले. त्यांनी आवाज चढवला नाही. "मास्तर, नऊ वर्षं गप्प होतात. आणखी एक दिवस जड झाला? उद्यापासून येऊ नका." त्यांचं बोलणं झोंबलं, कारण त्यातली नऊ वर्षं खरी होती.

फाटकाशी बसव्वा उभी होती. ती आभार मानेल असं मला वाटलं होतं, हे कबूल करतो. ती म्हणाली, "त्या सायबाचं मला काय करायचं? मुक्ताबाईला सांगा." आणि कामाची पाळी संपायची होती म्हणून शेडकडं वळली.

मी तसाच चाळीत गेलो. मुक्ताबाई दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. नवरा विडीनं गेला असं समजून ही बाई नऊ वर्षं विड्याच वळत होती, दुसरं काम तिला मिळालं नव्हतं. मी समोर खाली बसलो आणि काही न लपवता सांगितलं. सुरुवातीला तिचे हात चालू होते. हातोडीपाशी आलो तेव्हा ते थांबले.

"म्हंजी बसव्वा खरं सांगत हुती?"

"होय."

"पयल्यापासनं?"

"पहिल्यापासून."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. पण ती मधल्या भिंतीकडं बघत हळू बोलू लागली. "चार वर्सं झाली, तिची पोरगी तापात गेली. भितीपलीकडनं समदं ऐकू येत हुतं. मी उठले न्हाय. चाळीतल्या बाया निगाल्या हुत्या, त्यास्नीबी मी जाऊ दिलं न्हाय. शेवटाला तिचा भाऊ अक्कलकोटास्नं येईस्तवर दिसभर एकलीच बसली हुती ती पोरीला मांडीवर घिऊन." ती थांबली. "तुमी एक पान बदललं म्हनता. ह्ये कुटं बदलायचं, मास्तर?"

थोड्या वेळानं शेजारच्या दाराची कडी वाजली, बसव्वा कामावरून आली होती. मुक्ताबाई उठून उभी राहिली, पण तिच्यानं उंबरा ओलांडवेना.