चाकाच्या दोन फेऱ्या

“जरा गप्प बस, मी मोजतोय,” मिस्त्री गाडीखालून ओरडले.

“मी कुठं बोललो?” शेजारचा शिंपी म्हणाला.

तो खरंच बोलला नव्हता. पुढच्या उजव्या चाकाशी उकिडवा बसून तो सांगितल्याप्रमाणे चाक हाताने फिरवत होता. चाक जॅकवर अधांतरी होतं. गाडीखाली पाठीवर पडलेले मिस्त्री शाफ्टवर, म्हणजे चाकांना जोर पोचवणाऱ्या लांब दांड्यावर, ओढलेली खडूची रेघ बघत होते. वर चाकाच्या दोन फेऱ्या झाल्या की खाली शाफ्टच्या किती होतात, एवढंच त्यांना मोजायचं होतं. पहिल्या खेपेला चार आणि वर थोडं आलं. दुसऱ्या खेपेला पाच. तिसऱ्या खेपेला तीनवर असताना त्यांच्या मनात आलं, आपण तीनवर आहोत, आणि तेवढ्यात ते तीनच निसटून गेलं.

“तू किती फिरवलंस?”

“तुम्ही म्हणालात तेवढं.”

“मी किती म्हणालो?”

“ते मला काय विचारता! मी टेपवाला माणूस. टेप हातात नसेल तर माझीच कंबर किती ते मला सांगता येणार नाही.” शिंप्याने वाकून गाडीखाली डोकावलं. “पण हे कशासाठी चाललंय? काम तर काल झालं ना?”

“झालं. झाल्यावर एकदा बघायचं असतं.”

“मग बघा. मी जातो. एक पँट कापून ठेवलीय, गिऱ्हाईक येऊन बसेल चड्डीवर.”

तो गेला. मिस्त्री तसेच पडून राहिले. पाठीखालची फरशी गार होती. पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधला लोखंडी फुगवटा त्यांच्या नाकासमोर होता. त्याच्या झाकणाचे दहा बोल्ट नीट आवळलेले होते. झाकणाच्या कडेने काळी पेस्ट एकसारखी बाहेर आली होती. काम साफ होतं, त्यांचंच होतं. पण त्या झाकणाच्या आत नवे गिअर बसले आहेत की जुनेच परत बंद झाले आहेत, हे त्यांना आठवत नव्हतं.

गोष्ट जावयापासून सुरू झाली होती. मिस्त्रींची मुलगी नर्स. वरच्या वस्तीवर आठवड्यातून दोनदा लशीची पेटी घेऊन जायची, आणि जीप स्वतः चालवायची. ओढ्यातले दगड गाडीच्या पोटाला घासतात म्हणून जावयाने हौसेने मोठे टायर आणून चढवले. पोट उचललं गेलं खरं, पण इंजिनाचा दम गेला. मोठं चाक एका फेरीत जास्त वाट कापतं, म्हणून त्याला फिरवायला जोरही जास्त लागतो. पहिल्याच चढावर गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकत थांबली.

“उंदराला हत्तीचे पाय लावलेत जावईबापूंनी,” मिस्त्री मुलीला म्हणाले होते.

“मग काढू का टायर?”

“काढतेस कशाला? उंदराचं काळीज बदलू.”

म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सलमधलं क्राउन-पिनियन बदलायचं. थाळीएवढं दातेरी चक्र म्हणजे क्राउन, त्याला फिरवणारा मुठीएवढा गिअर म्हणजे पिनियन. शाफ्ट आधी चार फेऱ्यांत जे काम करत होता ते आता पाच फेऱ्यांत करणार, तितका जोर वाढणार. मात्र पुढचं आणि मागचं एकाच हिशोबाचं हवं. एकीकडे चार आणि दुसरीकडे पाच राहिलं, तर साध्या रस्त्यावर काही कळत नाही. चढावर किंवा उतारावर चारही चाकांना जोर दिला की मात्र पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडायला लागतात. तीन पायांच्या शर्यतीत एकाने ढांगा टाकाव्या आणि दुसऱ्याने तुरुतुरु चालावं, तसं. स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि मग जे कच्चं असेल ते तुटतं. वस्तीच्या वाटेवर सात वळणं होती आणि सातही वळणांच्या एका अंगाला दरी होती.

मिस्त्रींनी असे अ‍ॅक्सल किती उघडले असतील याची मोजदाद नाही. आधी खूण, मग पाना, ही त्यांची शिस्त. बेअरिंगच्या टोप्या काढण्याआधी डावीवर एक ठिपका ठोकायचा, उजवीवर दोन, कारण त्या अदलाबदल झाल्या तर सगळं वाकडं बसतं. पिनियनखाली कागदासारख्या पातळ चकत्या घालायच्या, दात्यांना पिवळा रंग लावायचा, फिरवायचं आणि रंग कुठे पुसला जातो ते बघायचं. टोकाला पुसला तर चूक, मुळाशी पुसला तर चूक, मधोमध पुसला तर बरोबर. मागच्या अ‍ॅक्सलला चार वेळा चकत्या बदलल्यावर रंग मधोमध पुसला गेला. ते त्यांना आठवत होतं. तो आनंदही आठवत होता.

पुढचा अ‍ॅक्सल काल सकाळी उघडला, हेही आठवत होतं. पिनियनचं बेअरिंग निघेना. आज असंच बंद करून ठेवावं, उद्या नव्या दमाने बघू, असं मनात आलं होतं. मग बायकोने जेवायला हाक मारली. जेवण झालं. त्यानंतर एकदम बंद झाकण, आवळलेले बोल्ट आणि हात पुसणारे ते स्वतः. मधली दुपार कोणी कात्रीने कापून न्यावी तशी गेली होती. बंद करावं असं नुसतं मनात आलं होतं, की केलंही होतं?

ते उठून शेडमध्ये गेले. नव्या गिअरची दोन्ही खोकी रिकामी होती. पण दोन्ही जोड त्यांनी पहिल्याच दिवशी रॉकेलमध्ये धुवायला काढले होते, त्यामुळे रिकाम्या खोक्यांवरून काही ठरेना. जुना जोड काढला की पिनियन क्राउनला लाल तारेने बांधून ठेवायची त्यांची सवय. फळीवर लाल तारेचा एकच जोड होता, मागचा. दुसरा नव्हता. आणि नवा जोडही कुठे उरलेला दिसत नव्हता. भंगाराच्या ढिगात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. नखांत पिवळा रंग होता. तो मागच्याचा की पुढच्याचा, हे नखं सांगत नव्हती. झाकण उघडून बघावं, तर आतलं तेल सांडणार आणि तेलाचे दोन्ही डबे संपलेले, पेस्टची नळी पिळून चपटी झालेली, आणि दुकान उद्या दहाशिवाय उघडणार नव्हतं. मुलगी निघणार होती सहाला.

“काय शोधताय?” बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही तर तोंड असं का?”

“कसं?”

“किल्ली हरवलेल्या माणसासारखं.”

“पाना शोधतोय,” ते म्हणाले. पाना त्यांच्या हातातच होता. तिने तो बघितला आणि ती आत वळली.

गेल्या महिन्यात ते पंख्याचा पट्टा आणायला बाजारात गेले होते आणि रिकाम्या हाताने परतले होते. “अगं, मी कशाला गेलो होतो?” असं त्यांनी बायकोलाच विचारलं होतं. ती हसली होती. तेही हसले होते. आता या प्रश्नाला कोणी हसलं असतं असं त्यांना वाटेना, म्हणून त्यांनी विचारलंच नाही.

संध्याकाळी मुलगी आली. पर्स खाली ठेवायच्या आधी तिने टायरला लाथ मारून बघितली.

“झालं बाबा?”

“झालं.”

“दोन्ही?”

“म्हणजे काय! एक पाय नवा आणि एक जुना असं कुठं असतं का?”

ती हसली. “बरं झालं. उद्या वरून एक बाई खाली आणायचीय. दिवस भरलेत तिचे. मागच्या वेळी त्या चढावर गाडी थांबली ना, तेव्हाच मी ठरवलं, बाबांनी हात लावल्याशिवाय वर जायचं नाही.”

मिस्त्रींनी मान डोलावली. मुलीचा विश्वास त्यांच्या खांद्यावर पोत्यासारखा पडला. ‘मोजून बघ’ एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण मोज म्हटलं की ती का विचारणार, आणि का म्हटलं की सगळं सांगावं लागणार. मग गाडी, पाने, शेडची किल्ली, सगळंच हळूहळू हातातून जाणार. तिच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्याचं तसं झालं होतं. आधी त्याच्याकडून काड्यापेटी काढून घेतली, मग पैसे, मग दाराची कडी. तिनेच ते सांगितलं होतं, चांगल्या मनाने.

सकाळी ती लशीची पेटी मागच्या सीटवर बांधत होती, तेव्हा मिस्त्री बाहेर आले. त्यांनी दाढी केली होती. हातात खडू होता.

“थांब जरा. किल्ली लावू नकोस.”

“काय झालं?”

“मागचं मी केलं, ते मला ठाऊक आहे.” ते टायरकडे बघत म्हणाले. “पुढचं केलं की नाही, ते आठवत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे आठवत नाही. बंद मीच केलंय. आत काय घातलं, ते डोक्यात नाही. काल मोजायला गेलो तर मोजताही येईना. तू मोज.”

मुलगी दोरी हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. काहीतरी थट्टा असावी, म्हणून तिचे ओठ आधी थोडे हललेही. मग ते थांबले. तिने पांढरा कोट काढून आरशाला अडकवला आणि पोतं अंथरून गाडीखाली शिरली.

मिस्त्रींनी चाक जॅकवर उचललं. चाक आणि अ‍ॅक्सल एकमेकांना जोडलेले आहेत ना, हे पाहिलं. गिअर मोकळा आहे ना, हे दोनदा पाहिलं. मग टायरवर खडूची रेघ मारली.

“शाफ्टवरची रेघ तुझ्याकडे आली की शून्य. मी दोन फेऱ्या देणार. मोठ्याने मोज.”

“हं. द्या.”

त्यांनी चाक फिरवायला सुरुवात केली. सावकाश, तांदळाच्या जात्यासारखं.

“एक,” खालून आवाज आला. “दोन.”

त्यांची स्वतःची एक फेरी पूर्ण झाली. ही पहिली. ही पहिली. ते मनात घोकत राहिले.

“तीन. चार.”

रेघ अजून वर यायची होती. हात थबकला. इथेच संपलं, तर जुनंच आत आहे. मग मुलगी जाणार नाही आणि वर ती बाई वाट बघत राहील. त्यांनी चाक पुढे ढकललं. रेघ वर आली.

“पाच,” मुलगी म्हणाली. “जवळजवळ पूर्ण पाच.”

“पुन्हा मोज.”

पुन्हा पाच. मागचं चाक उचललं, तेही पाच. मुलगी बाहेर आली, केसांतली माती झटकली. तिला आनंद झाला होता आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांत काहीतरी गोंधळून उभं होतं.

“केलंय तुम्ही, बाबा. अगदी बरोबर केलंय.”

“असेल,” मिस्त्री म्हणाले. “करणारा कोण होता, विचारायला हवं.”

“बाबा...”

“जा. ती बाई खोळंबेल. आणि सुरुवातीला जोर देऊ नकोस, नवे गिअर आहेत. दर थोड्या वेळाने थांबून हाउसिंगला, अ‍ॅक्सलच्या त्या फुगवट्याला, हात लावून बघ. हात ठेववत नसेल तर थंड होऊ दे.”

हे सगळं त्यांना एका दमात आठवत होतं. मुलगी कोट घालून बसली, निघाली. कोपऱ्यावरच्या चढाला तिने गिअर बदलला. मिस्त्री कान देऊन उभे राहिले. धाप नव्हती. दात्यांची रडही नव्हती. गाडी दमदार, एका सुरात चढत गेली.

“आवाज तर माझ्याच कामाचा आहे,” ते स्वतःशी म्हणाले.

हात धुवायला ते मागच्या दाराने घरात गेले. वारा होता, तरी स्वयंपाकघराचं दार आपटत नव्हतं. ते दार वर्षानुवर्षं आपटायचं आणि बायको वर्षानुवर्षं त्याला काहीतरी टेकण मागायची. त्यांनी खाली बघितलं. दाराला टेकून, तेल पुसून लख्ख केलेलं एक क्राउन ठेवलं होतं, आणि त्याला लाल तारेने पिनियन बांधलेला होता. गाठ त्यांची होती.

“हे कुठून आलं?”

“कुठून म्हणजे?” बायको वळली. “परवा दुपारी तुम्हीच नाही का आणून दिलंत? म्हणालात, घे, इतकी वर्षं मागत होतीस, आता हे दार हललं तर मला सांग. किती हसलात तुम्ही तेव्हा.”

“परवा?”

“परवाच.” तिचा आवाज बारीक झाला. “हेच शोधत होतात काल?”

ते खाली बसले आणि अंगठ्याने क्राउनचे दाते एकेक करून मोजू लागले. अकरा, बारा, तेरा. अर्ध्यावर पोचल्यावर सुरुवात कुठून केली, ते सापडेना. आधी खूण करायला हवी होती.

बायको हातातलं भांडं ठेवून त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिने एका दात्यावर आपलं बोट टेकवलं आणि ते तिथेच धरून ठेवलं.

“हं,” ती म्हणाली. “इथून मोजा.”