रेड्यासमोरची रांग

व्हिडिओगेमच्या रिमोटवरचं हे हिरवं बटण — वाटाण्याहून थोडं मोठं, मधे किंचित खोलगट, अंगठा ठेवला की आपसूक त्यात बसेल असं... ते दाबलं की टीव्हीतल्या चौघांपैकी पांढऱ्या झग्यातली बाई हात वर करते आणि ज्याला लागलंय त्याची जखम भरून येते. ती बाई म्हणजे कुसाबाई. वय बहात्तर, मुक्काम इंदिरानगर, आणि आज दुपारपासून पाच वेळा मेलेल्या.

मरण्याचं त्यांना काही नव्हतं. पण आजचा रविवार शेवटचा असण्याची शक्यता होती. खेळातलं चौथं माणूस लग्न होऊन गेलं म्हणून त्या बदलीवर आल्या, आणि तेव्हापासून हा लोखंडी रेडा — पोरं त्याला बॉस म्हणत — हटायला तयार नव्हता. काल नात तेजस्विनी, म्हणजे तेजू, फोनवर दबक्या आवाजात सांगत होती, की उद्याही जमलं नाही तर ऑफिसातल्या बंटीला घेऊ, आजीचा अंगठा तसाही दुखतो. दुखतो, खोटं कशाला. पण बदलीवरच्या माणसालाही जागेची माया लागतेच ना... चार वाजता सोफ्यावर बसायचं, हेडफोन चढवायचा, की पंचवटीतून तेजूची मैत्रीण चैताली आणि घोटीहून भाच्याचा मुलगा सनी थेट कानात येऊन बसल्यासारखे. एवढी माणसं एरवी या घरात येतात कधी?

रेड्याची खोड एकच. जीव अर्धा उरला की खूर आपटायचा, मान खाली घालायचा आणि सरळ कुसाबाईंवर यायचा. चैतालीनं व्हिडिओ पाहून तीन युक्त्या आणल्या होत्या. तिन्हींचं म्हणणं, जखमा भरणाऱ्यानं लांब राहावं. त्या लांब राहत, आणि मरत.

मेल्यावर मात्र निवांत बघता येतं. सहाव्यांदा मेल्यावर त्यांनी पाहिलं — रेडा आता मागे उभ्या चैतालीवर गेला, मग वळसा घालायला पळालेल्या सनीवर. त्याच्या पायाशी लढणाऱ्या तेजूला तेवढ्यात शिवलासुद्धा नाही. म्हणजे याचं माझ्याशी वैर नाही. जो सगळ्यांत लांब, तो याचा. मग कुणीच लांब नसलं तर...

आणि पोटऱ्यांना चिखल लागला, गार. घोटीची भाताची आवणी, लग्नानंतरची पहिली — वाकलेल्या बायकांची एक रांग, रोप लावत मागे मागे सरणारी. मी सतराची, माहेर सिन्नरकडचं, बाजरीचं. रोप कसं धरतात तेही ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी, साळूबाईंनी, मला मधे घातलं आणि स्वतः टोकाला राहिल्या. दोन्हीकडच्या बायका भराभर सरू लागल्या की तिथून ओरडायच्या, रोपं तिरकी बसत्यात, हळू. मला वाटायचं, नजर ठेवायला मधे घातलंय, बोलणी मलाच बसतायत. पंचावन्न वर्षं मी तेच धरून बसले... रोपं कुणाचीच तिरकी नव्हती. रांग माझ्या चालीनं चालावी म्हणून ओरडत होत्या बाई.

कुसाबाईंना मोठ्यानं हसू आलं. तेजूनं वळून पाहिलं.

"रांग धरा," त्या म्हणाल्या. "चौघं एका ओळीत. त्यानं खूर आपटले की तोंड त्याच्याकडेच ठेवून मागं सरायचं. सगळ्यांनी सारखं, माझ्या चालीनं."

"आजी, तुमच्या चालीनं म्हणजे मालगाडीच झाली की," सनी म्हणाला.

"मग डबा सुटू देऊ नको."

पहिल्या खेपेला डबा सुटलाच. सवयीनं सनी चार पावलं जास्त मागे पळाला आणि रेड्यानं त्याला उचलला. पुढच्या खेपेला तेजू डावीकडे, सनी उजवीकडे, त्याच्यापलीकडे चैताली. खूर आपटले. मान खाली गेली. एक पाऊल, आणखी एक — आणि दुखरा अंगठा आखडला, पांढऱ्या झग्यातली बाई अडखळली... आणि सनीचा टीव्हीतला पहिलवान, जो कधी कुणासाठी थांबला नव्हता, थांबला. ती सरली तेव्हाच सरला. रेडा या बाजूला मान फिरवी, त्या बाजूला फिरवी. कुणावर जावं ते त्याला ठरवता येईना. चैतालीचे बाण बसत होते. त्याच्या जीवाची लाल पट्टी नखाएवढी उरली, आणि पाठीला भिंत लागली. मागे जागाच नव्हती. रांग मोडली, एकेक करून चौघं गेले.

हेडफोनात सनीच्या बाजूनं घोटीच्या गिरणीचा पट्टा ऐकू येत होता.

मग चैताली म्हणाली, "आजी, रांग कुठून सुरू करू या?"

तेजूचा फोन सोफ्यावर उपडा पडला होता. बंटीला काय कळवणार, हे कुसाबाईंना तिला विचारायचं होतं, मघापासून ते ओठावर होतं... पण नजर टीव्हीतल्या रेड्याच्या त्या दगडी अंगणावर खिळली होती — समोरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली तर पाठीमागे किती पावलं मिळतील, मधे तो खांब आडवा येतो का — आणि ते अंगण आता त्यांना दुसऱ्या कुणाचं वाटत नव्हतं.