टॉकीजचा स्पीकर

रघुनाथरावांची बायको प्रेमलता चैत्रात गेली. पांढुर्ण्यात त्यांची कापसाची अडत होती, ती नेमानं सुरू राहिली. सकाळी बाजारात जायचं, कापूस चिमटीत ओढून पाहायचा, दुपारी घरी जेवायचं, संध्याकाळी ओट्यावर बसायचं. लोक म्हणत, गड्यानं सावरलं. त्यांना स्वतःला तसं काही वाटत नव्हतं. खरं तर काहीच वाटत नव्हतं. तेराव्याला बायका रडत होत्या तेव्हा ते मांडवाचा एक बांबू कुठून वाकला आहे ते पाहत बसले होते.

घरात बारा वर्षांची छाया होती. एकुलती एक पोर. तिची वेणी शेजारच्या केसरबाई घालून देत, शाळेतून आल्यावर ती बहुतेक त्यांच्याकडेच असे. रघुनाथराव तिला जेवलीस का विचारत आणि उत्तर यायच्या आत उठून जात.

प्रेमलताला रेडिओचा भारी नाद होता. घरातला रेडिओ पत्र्याच्या डब्यासारखा वाजायचा. नागपूर केंद्रावर गाणं लागलं की ती कान अगदी जाळीला लावून बसायची आणि म्हणायची, "टॉकीजसारखा आवाज घरात आला पायजे." श्रावणात रघुनाथराव धंद्याच्या कामानं नागपूरला गेले, तिथं एक जुनी टॉकीज बंद होऊन तिचं सामान विकायला काढलं होतं. त्यातला कमरेइतक्या उंचीच्या लाकडी पेटीतला स्पीकर त्यांनी घेतला आणि गाडीनं पांढुर्ण्याला आणला. कशासाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं. आणून ठेवला बैठकीत आणि दोन महिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

दसरा झाल्यावर त्यांनी सौसरहून रवींद्रला बोलावलं. रेडिओ दुरुस्त करणारा, सभांना लाउडस्पीकर लावणारा माणूस. जेमतेम तिशीचा, पण हात चांगला.

"याले आवाज वाढवाचं मोठं मशीन लाव," रघुनाथराव म्हणाले. "सभेले लावतोस ना, पन्नास वॅटचं, ते."

रवींद्रनं पेटीची मागची फळी काढली, आत डोकावला, बोटानं स्पीकरचा कागदी पडदा हलकेच दाबून पाहिला.

"भाऊ, हा जुन्या काळातला माल हाये. तवा मशीनच बारके राहत होते. म्हणून स्पीकर असे बनवत का थोड्या करंटात सारी टॉकीज भरली पायजे. तुमच्या बैठकीले दोन वॅट रग्गड होते. पन्नास लावसान तं आधी नुसती घुंघुं ऐकू येईन, अन् मंग हा जीव सोडन."

"लाव म्हटलं ना."

"मी तुमच्याच भल्याचं सांगून राहिलो."

"लाव."

दुसऱ्या दिवशी दुपारी रवींद्र मशीन घेऊन आला. रेडिओपासून स्पीकरपर्यंत तारा जोडल्या, मशीन गरम होऊ दिलं. गाणं सुरू व्हायच्या आधीच पेटीतून अशी घरघर निघाली की कोनाड्यातली भांडी थरथरली. मग रेडिओवरचा माणूस बोलायला लागला, पण बोलणं कळेना, सगळा खरखराट. रवींद्रनं आवाज कमी करायला हात पुढं केला, तो रघुनाथरावांनी बाजूला सारला आणि बटण आणखी फिरवलं. पुन्हा फिरवलं. एवढ्या गोंगाटात तरी काही होईल, छातीत कुठंतरी लागेल, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी वाट पाहिली. काही लागलं नाही.

त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. छाया तिथं उभी होती. दोन्ही कानांवर हात, डोळे घट्ट मिटलेले, तोंड हलत होतं. काय म्हणते ते ऐकू येत नव्हतं. ते बघत राहिले.

तेवढ्यात पेटीतून कापड टरकावल्यासारखा आवाज आला, जळका वास सुटला. रवींद्रनं तार ओढून काढली.

"बाबा, बंद करा. बाबा, बंद करा," एकदम शांत झालेल्या घरात छायाचा आवाज आला. बसलेला, घोगरा. बंद झालंय हे तिला कळलंच नव्हतं.

केसरबाई पदर खोचत आत आल्या. "अवो, केव्हाची ओरडून राहिली पोरगी! माह्या घरात ऐकू आली, अन् तुमाले इथं उभं राहून ऐकू येत नाई?"

रात्री जेवताना रघुनाथरावांनी छायाला विचारलं, "घसा दुखते का?" आणि या वेळी उत्तर येईपर्यंत बसून राहिले. ती "थोडा" म्हणाली.

रवींद्र पडदा आणि कॉइल सौसरला घेऊन गेला. नवी तार गुंडाळली, फाटलेल्या जागी पातळ कागद चिकटवला. मोडक्या रेडिओचे दोन व्हॉल्व्ह घेऊन त्यानं मूठभर मशीन बनवलं आणि स्पीकरला जुळेल असा ट्रान्सफॉर्मर नागपूरहून मागवला. रघुनाथरावांनी एका शब्दानंही विचारलं नाही.

रवींद्र ते सगळं बसवायला आला तेव्हा छप्पन्न सालच्या नोव्हेंबरची एक तारीख होती, दिवाळीचे दिवस. बातम्या ऐकायला संध्याकाळी गल्लीतली माणसं बैठकीत जमली. नागपूर आजपासून मुंबई राज्यात, आणि आपण मध्य प्रदेशातच, पण राजधानी आता नागपूर नाही, भोपाळ. निवेदक जणू खोलीतच बसून सांगत होता.

"कालपर्यंत नागपूर आपलं होतं," शाळेतले दत्तात्रय मास्तर म्हणाले. "आता पोरं शिकाले जातीन तं दुसऱ्या राज्यात. तुमचा कापूस बी तिकडंच जाते. तुमाले काय वाटते, रघुनाथराव?"

"काय वाटाचं," ते म्हणाले. लोक थोडा वेळ वाद घालत बसले आणि दिवे लावायला आपापल्या घरी गेले. या घरात यंदा दिवे नव्हते.

बैठकीत बापलेक दोघंच उरली. मग गाणं लागलं. बटण अगदी सुरुवातीलाच होतं, तरी तंबोऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू येत होती. गाणारी बाई सूर लावायच्या आधी थांबली, आणि तिनं घेतलेला श्वास दोघांनाही ऐकू आला.

"आई असाच घ्यायची," छाया हळूच म्हणाली. "गाणं म्हणाच्या आधी."

"म्हणत होती? केव्हा?"

"पाणी भरताना. तुम्ही बाजारात गेल्यावर."

रघुनाथरावांना हे ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांच्या संसारात त्यांनी तिला गाताना ऐकलं नव्हतं. "कोणतं म्हणायची?" त्यांनी विचारलं. छाया सांगत गेली. रेडिओ वाजत होता, आणि त्याच्यावर आवाज चढवायची तिला गरज पडली नाही.

त्या दिवशी ते रडले नाहीत. रडले मार्गशीर्षात, भर बाजारात, कापसाच्या ढिगात हात घालून उभे असताना, काही कारण नसताना. गाडीवाल्यानं त्यांना धरून सावलीत बसवलं. कुणीतरी केसरबाईंकडे निरोप धाडला, त्यांनी तो शाळेत पोचवला, आणि छाया शाळेतून थेट बाजारात पळत आली.