हाताने सुटणारा बोल्ट

मी एक जुना कॅरियर आहे. मित्रांनो, सायकलच्या मागे दप्तर अडकवायचा तो नव्हे. मी जीपच्या मागच्या हुकाला बसायचो आणि अख्खी सायकल माझ्यावर बसायची. आज मी इंदूरच्या सुदामा नगरात, एका घराच्या अंगणातल्या लोखंडी खांबाला लावलेला आहे. फाटकापाशी भंगारवाल्याचा ठेला उभा आहे आणि घरातली लेक हातात पाना घेऊन माझ्याकडे निघाली आहे. ती येऊन पोचेपर्यंत माझी गोष्ट ऐका.

मी मुळातला संशयी. माझा पाइप परदेशीपुऱ्यातल्या एका कापड मिलमधल्या ढकलगाडीचा. मिल बंद पडली तेव्हा फाटकावर पाटी लागली, 'महिन्याभरात सुरू होईल.' पाटीचा रंग उडाला, तो महिना काही संपला नाही. भंगाराच्या लिलावातून ती ढकलगाडी भाऊरावांनी उचलली. ते त्याच मिलमध्ये फिटर होते. त्यांचे वडील महूला फौजेत होते. त्या ओळखीतून त्यांना फौजेने काढून टाकलेली एक जीप मिळाली होती. तिच्यातून माल वाहून घर चाले. त्या पाटीनंतर मात्र भाऊरावांचा कशावरच भरवसा उरला नव्हता. दूध घेतलं की बोट बुडवून बघत. घड्याळ लावायचं तर आपल्या रेडिओची वेळ शेजाऱ्याच्या रेडिओशी ताडून घेत.

त्यांची मुलगी धम्मदीना सायकलच्या शर्यतीत उतरायची. सायकल जीपमध्ये पोत्यांवर टाकली की कुठे ना कुठे वाकायची. म्हणून बापलेक कॅरियर शोधायला सियागंजात गेले. बाजारात तेव्हा बाहेरचा माल नुकता दिसू लागला होता. दुकानदाराने नायलॉनच्या पट्ट्यांचा एक चकचकीत कॅरियर पुढे ठेवला.

"भिया, फॉरेन का माल है. आँख मूँदके ले जाओ."

"डोळे मिटूनच तर फसलो ना, भिया," भाऊराव म्हणाले. त्यांनी पट्टा ताणला, नखाने खरवडला, नाकाशी नेला.

"बाबा, आता काय चाटून बघता?" दीना कुजबुजली.

"हे मोटारीच्या डिकीला लावायचं आहे. आपल्या जीपला डिकी कुठे? कच्च्या रस्त्यात पट्टा ढिला झाला की सायकल गेली खड्ड्यात."

छपरावर बांधावी तर जीपचं छप्पर ताडपत्रीचं. उरला मागचा हूक, ज्याला फौजेत ट्रॉली जोडत. शेवटी भाऊरावांनी मला स्वतःच घडवलं. एक आडवा पाइप हुकात, एक उभा, वर दोन हात. सायकलचा रंग घासू नये म्हणून हातांना जुनी ट्यूब गुंडाळली. खड्ड्यात मी जमिनीला टेकू नये म्हणून मला उंच ठेवलं. जीपच्या मागच्या फळीवर स्टेपनी होती, तिला मी अगदी चिकटून उभा राहिलो. दीनाने मला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. मी हललो नाही.

"टनाटन आहे, बाबा!"

मला वाटलं, आता तरी हा माणूस विश्वास ठेवील. पण काम गेलेल्या त्या वस्तीत तेव्हा लोखंड टिकत नव्हतं, गटारीची झाकणंसुद्धा नाहीशी होत. भाऊरावांनी मला हुकाला वेल्डिंग मारून टाकलं. सायकलला साखळी, साखळीला कुलूप आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात.

त्यांची बायको कांताबाई दारातून बघत होती. "पोरीला पण मारून टाका वेल्डिंग. घरातच राहील, चिंता मिटली."

"तू हसते, कांता. जमाना बघ जरा."

दीना सरावाला निघाली की जीप तिच्या मागे मागे. समोरून ट्रक दिसला की हॉर्न.

"बाबा, ट्रकने नाही, तुमच्या हॉर्ननेच पडेन मी एखाद दिवस!"

मग महूची शर्यत आली. त्यातून राज्याच्या संघासाठी मुली निवडणार होत्या. दीनाने वर्षभर दुसरं काही मनात आणलं नव्हतं. हायवेवरच्या ट्रकवाल्यांवर भाऊरावांचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून राऊ गावाच्या पुढे त्यांनी जीप शेतातल्या कच्च्या वाटेला घातली. तिथे बाभळीचा काटा टायरमध्ये शिरला.

"काही नाही, स्टेपनी लावू," म्हणत ते मागे आले आणि जागीच थांबले. स्टेपनीच्या पुढे मी होतो. मी निघाल्याशिवाय ती निघत नव्हती आणि मी तर निघणारच नव्हतो. चोर येईल हे भाऊरावांनी धरलं होतं. काटा धरला नव्हता.

त्यांनी हातोडा घातला. मला पोचा आला, जोड तसाच राहिला.

"किल्ली द्या, बाबा."

"कशाला?"

"सायकलने जाते. अजून पोचेन."

"एकटी? हायवेने? पागल झाली का?"

"मग काय इथं उभी राहून तुमची वेल्डिंग बघू?"

भाऊराव छातीवर हात ठेवून उभे राहिले. हाताखाली किल्ली होती. मग कुलूप त्यांनीच उघडलं. ब्रेक दाबून बघितले, हँडल हलवलं, चाक फिरवलं. एवढं सगळं झाल्यावर म्हणाले, "जा."

ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली. माझे हात रिकामे आणि सायकल नजरेआड, असं पहिल्यांदाच होत होतं. ही परत येईल ना, अशी शंका मला चाटून गेली. भाऊरावांना काय वाटलं ते मला ठाऊक नाही. त्यांची मूठ माझ्या पाइपावर होती आणि ती सुटत नव्हती.

दुपारी ती परतली, धुळीने माखलेली.

"कितवी?"

"पाचवी. चौघींना घेतलं."

भाऊराव खाली बघत म्हणाले, "माझ्यामुळे."

"हो," ती म्हणाली. मग सायकल माझ्या हातांवर चढवत म्हणाली, "पण ट्रकवाले बाजू देतात, बाबा. एकाने तर टाळ्या वाजवल्या."

दुसऱ्याच दिवशी भाऊरावांनी राऊहून वेल्डर आणून ते वेल्डिंग तिथेच कापून घेतलं. त्या जागी बोल्ट आला, पंखांच्या नटाचा, पान्याशिवाय नुसत्या हाताने सुटणारा. "चोराची सोय केली का?" कांताबाईने विचारलं. "नेऊ दे," ते म्हणाले. पुढच्या वर्षी दीना महूला हायवेनेच गेली, एकटी. जीप दारात उभी होती. त्या वर्षी ती संघात आली.

पुढे जीप विकली गेली, घर इकडे सुदामा नगरात आलं. मी त्याच बोल्टने या खांबाला लागलो. माझ्यावर गोधड्या वाळू लागल्या. दीना नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. माझ्याकडे कुणाचं लक्ष नसे. फक्त दर पावसाळ्याच्या तोंडाशी भाऊराव यायचे, बोल्ट फिरवून बघायचे, ग्रीस लावायचे आणि आत जायचे. मला वाटे, विकायची तयारी चालली आहे. गेल्या वेळी त्यांना उभं राहवत नव्हतं. स्टूल घेऊन आले, बसून ग्रीस लावलं. या थंडीत ते गेले.

दीनाने आता सायकल डोंगरात न्यायला उंच गाडी घेतली आहे. परवा त्या गाडीसाठी नवा कॅरियर आणला. आईला सांगत होती, "मी विचारलं, हा खाली झुकतो का? मागचं दार उघडतं का? स्टेपनी काढता येते का? तर दुकानवाला म्हणतो, मॅडम, इतना शक?"

"मग तू काय म्हणाली?"

"म्हटलं, घरातून आलंय."

कांताबाई हसली, आणि मग उठून आत गेली.

तर मित्रांनो, दीना आता माझ्यापाशी पोचली आहे. "आई, हा गंजून बसला असेल. कापावाच लागेल," ती म्हणते. पाना लावण्याआधी ती नट बोटांत धरते, आणि तो बोटांतच फिरतो.

ती थांबते. बोटांना ग्रीस लागलं आहे, अजून ओलं. ती ते पुसत नाही.

"दीदी, दे रहे हो क्या?" फाटकातून हाक येते.

"आज नहीं, भिया."

ती नट परत बसवते, हातानेच. मग मला दोन्ही हातांनी धरून हलवते, त्या पहिल्या दिवसासारखी. मी हलत नाही.

मित्रांनो, जे जपायचं ते घट्ट धरा, हवं तर हलवूनही बघा. पण जोड असा ठेवा की हाताने सुटेल. आणि पावसाळ्याआधी त्याला थोडं ग्रीस लावा, कुणी बघत नसलं तरी.