मधले तीन स्क्रू

मी कामात खोट ठेवत नाही, असं वीस वर्षं छाती ठोकून सांगत आलोय. आता ती सोय राहिली नाही.

ताईच्या बाथरूमच्या उंबऱ्याला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मीच बसवली होती. पाच भोकं. कडेची दोन झकास पडली. मधल्या तिन्ही ठिकाणी ड्रिल खडखडलं, पुढं जाईना. खाली काँक्रीटमध्ये आडवी सळई. पट्टीवर दोन बोटं बाजूला सरकून नवी भोकं पाडायची, एवढंच काम होतं. पण मला दुसरीकडे जायची घाई. म्हटलं, बहिणीचंच घर आहे, कोण बघतंय! तीन स्क्रूंची डोकी कापली आणि गमनं भोकांवर चिकटवून दिली. दिसायला पाचही स्क्रू टकाटक.

चार महिन्यांनी पट्टी मधूनच उचलली आणि ताईच्या सासूबाई तिला अडखळून पडल्या. मनगट मोडलं. ताईचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच खेकसलो, "बादल्या आपटता, पाणी ओतता, पट्टी बिचारी काय करणार?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"हो रे, माझंच चुकलं," ती म्हणाली.

आठवड्यानं वेळ काढून गेलो, तर घरात सगळं खापर तिच्यावरच फुटलेलं. दाजी तिच्याशी धड बोलत नव्हते. सासूबाई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बसल्या होत्या.

"ये बाबा," त्या म्हणाल्या. "तू एवढं छान काम करून दिलंस, पण आमच्या सूनबाईंना साधी लादी पुसता येत नाही! पाणी ओतून ओतून पट्टी उखडली. आठ दिवस झाले, मी तिच्याशी बोलत नाही."

मी पट्टी उचलायला बसलो. ताई फडकं घेऊन शेजारी आली. कापलेली डोकी मी पटकन खिशात टाकली, तशी ती हळूच म्हणाली, "त्यातलं एक दोन महिन्यांपूर्वीच फडक्यात आलं होतं. मीच परत चिकटवलं. ह्यांनी बघितलं असतं तर तुझी काय किंमत राहिली असती?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

नवी भोकं पाडली, धूळ फुंकली, भोकांत प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले. ताई डोळ्यांनी 'नको नको' करत होती, तरी बाहेर गेलो आणि ती तिन्ही डोकी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. "मावशी, पाणीबिणी काही नाही. पट्टी मी नुसती चिकटवली होती. ताईचा काडीचा दोष नाही."

दाजी खुर्चीतून उठले. सासूबाई मात्र माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या ताईला म्हणाल्या, "अगं, मग तू आठ दिवस बोलणी का खाल्लीस?"

"याला लहानपणापासून कुणी बोललेलं सहन होत नाही," ताई म्हणाली.